नदीचा हिशोब कोण ठेवणार?

वजूचं पाणी आपण रंग, वास आणि चव यांवरून पारखतो. नदीला एवढी पारख पुरत नाही. आंघोळीयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे: लिटरमागे विरघळलेला ऑक्सिजन किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त 3. पण बाटलीतला नमुना त्या घटकेपुरतंच सांगतो. रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेलेलं असतं. दगडांखाली वाढणारी मेफ्लायची पिल्लं मात्र आठवडेच्या आठवडे त्याच पाण्यात काढतात. काल होती ती आज नाहीशी झाली, तर काहीतरी बिघडलं आहे. ती मोजायला जाळी, भिंग आणि थोडं प्रशिक्षण पुरतं. नदीकाठच्या मोहल्ल्यांतल्या तरुणांनी दर महिन्याला ही नोंद ठेवावी. पालिकेकडे नुसती तक्रार नको, हातात वही हवी. पाणी अमानत आहे; अमानतीचा हिशोब द्यावा लागतो.