रजा संपते, उपचार संपत नाहीत

व्यसनी म्हटले की रस्त्याच्या कडेला पडलेला, घरदार गमावलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात व्यसनमुक्ती केंद्रांची पायरी अभियंते, बँक अधिकारी, वकील आणि डॉक्टरही चढतात. मात्र ते उशिरा येतात. पगार वेळेवर जमा होतो, गृहकर्जाचा हप्ता चुकत नाही, वरिष्ठ कामावर खूष असतात. मग आपण व्यसनी कसे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. नोकरी शाबूत असणे हाच निरोगीपणाचा दाखला ठरतो आणि आजार वाढत जातो.

या विलंबाला आकड्यांचा आधार आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात. मात्र मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाले होते. दाखल होऊन उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण तर १८० मध्ये एक एवढेच होते.

आधी शरीर, मग मन

अनेक वर्षांची दारू अचानक थांबवली की हातापायांना कंप सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या काही दिवसांत झटके येतात, भास होतात. म्हणून हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पाडावा लागतो. तो आठवडा-दहा दिवसांत आटोपतो. खरे काम त्यानंतर सुरू होते आणि ते समुपदेशकाचे असते.

सुशिक्षित नोकरदाराचे समुपदेशन अनेकदा अधिक अवघड जाते. तो वाचून आलेला असतो, प्रत्येक मुद्द्याला त्याच्याकडे प्रतिवाद तयार असतो. गटचर्चेत रिक्षाचालकाच्या शेजारी बसताना आपली गोष्ट वेगळी आहे, असे त्याला वाटत राहते. अनुभवी समुपदेशक त्याच्याशी वाद घालत नाही. सोमवारच्या रजा किती झाल्या, पत्नीने कार्यालयात ‘ताप आलाय’ म्हणून किती वेळा फोन केला, सकाळच्या बैठका दुपारवर का ढकलल्या, याचा हिशेब तो रुग्णालाच मांडायला लावतो. त्या हिशेबातून नोकरी कशी सांभाळली गेली, हे रुग्णाला दिसू लागते. मग परतीची तयारी सुरू होते. प्रकल्प संपल्याची पार्टी, परगावच्या हॉटेलातील एकटी रात्र, तिमाहीअखेरचा ताण, अशा प्रसंगी काय बोलायचे आणि कोणाला फोन करायचा, हे आधीच ठरवले जाते. पुन्हा घसरण झाली तर ती लपवायची नाही, हेही शिकवले जाते.

रजेचे गणित

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साह्याने सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये निवासी उपचार साधारण ३५ दिवसांचे असतात. त्यानंतर दीर्घकाळ पाठपुरावा असतो. व्यसनी व्यक्तींच्या पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ हा गटही आहे. खासगी नोकरीतील माणसाने हे ३५ दिवस आणायचे कोठून? राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत. अर्जित रजा २० दिवसांच्या कामामागे एक मिळते आणि ४५ पर्यंतच साठवता येते. म्हणजे कायद्याने मिळणाऱ्या किमान रजेवर विसंबणाऱ्याला दोन वर्षांची शिल्लक एकदम खर्च करावी लागते. त्यातही कारण खरे सांगावे तर बढती जाण्याची भीती. परिणामी ‘पाठीचे दुखणे’ असे कारण लिहिले जाते आणि परतल्यावर पाठपुराव्यासाठी वेळ मागण्याची सोयच उरत नाही.

कायदा एकीकडे, विमा दुसरीकडे

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारांना मानसिक आजारांच्या व्याख्येत स्थान दिले. रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क मानला आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे बजावले. मात्र विमा नियामकाने २०१९ मध्ये निश्चित केलेल्या प्रमाणित अपवादांत व्यसनावरील उपचारांचा स्पष्ट समावेश आहे. एक कायदा ज्याला आजार म्हणतो, त्याचा खर्च विम्याची कलमे नाकारतात.

मोठ्या कंपन्यांत समुपदेशकाचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावलेला असतो. पण तेथे बोललेले मनुष्यबळ विभागापर्यंत पोहोचेल, ही शंका असेपर्यंत तो क्रमांक कोणी फिरवणार नाही. उपचारांसाठीची रजा, परतल्यावर तेच पद आणि आठवड्यातून एकदा पाठपुराव्याला जाण्याची मुभा, एवढ्या तीन गोष्टी कंपनीच्या लेखी नियमांत आल्या तर समुपदेशकाच्या कामाला बळ मिळेल. सरकारची १४४४६ ही मोफत मदतवाहिनी पहिला सल्ला देऊ शकते. त्यापुढचे अनेक महिने मात्र रुग्णाला कामाच्या ठिकाणीच काढायचे असतात आणि तेथील दार त्याच्यासाठी उघडे ठेवणे मालकाच्याच हातात आहे.