वाचन-अक्षमता : सवलतीआधीचे कर्तव्य

वाचनात मागे पडणाऱ्या मुलांविषयी खासगी विनाअनुदानित शाळांच्या चालकांचा पूर्वपक्ष असा असतो की, शाळा शासनाचे अनुदान घेत नाही, पालक स्वेच्छेने प्रवेश घेतात आणि वर्गातील इतर मुलांचा वेळ एकासाठी खर्ची घालणे अन्यायाचे ठरते. तेव्हा अशा मुलाने विशेष शाळेत जावे, अथवा दहावीला मंडळाच्या सवलती घ्याव्यात. यातील पहिले विधान कायद्यापुढे टिकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले, आणि त्याचे १६वे कलम समावेशक शिक्षणाची अपेक्षा करताना शासकीय निधी मिळणाऱ्या संस्थांबरोबर शासनमान्य संस्थांचाही उल्लेख करते. मान्यता हवी असणाऱ्या शाळेला, अनुदान नाही एवढ्या कारणावरून, पालकांना दाखला काढून नेण्याचा सल्ला देता येत नाही.

वाचन-अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, ही बुद्धी, दृष्टी व श्रवण यांत उणीव नसताना अक्षर आणि ध्वनी यांची सांगड सहज न बसण्याची अवस्था आहे. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १८९६ साली अशा एका चौदा वर्षांच्या हुशार मुलाची नोंद प्रसिद्ध केली. तरीही आळस आणि मंदबुद्धी हे दोन शिक्के आजही सर्रास मारले जातात. मराठी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, म्हणून ही अडचण इंग्रजीपुरतीच आहे, हा समजही तितकाच भ्रामक आहे. ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी भेटते, पण तिचा स्वर ‘क’नंतर उच्चारावा लागतो, ‘सूर्य’मधील रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, मात्र त्याचा ‘र्’ आधी ऐकू येतो, शिवाय ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांतील भेद एखाद्या रेघेचा वा वळणाचा असतो. ज्या मुलाच्या घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी आहे, त्याच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो, कारण ते भाषेच्या अपरिचयामुळे अडखळते की अक्षमतेमुळे, हे केवळ इंग्रजी चाचणीवरून ठरवता येत नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा चाचणीसंच मराठीतही उपलब्ध केला, त्याचे महत्त्व येथे आहे.

सवलतींचा युक्तिवाद अधिक विचारपूर्वक तपासला पाहिजे, कारण वाढीव वेळ आणि लेखनिक यांनी अनेक मुलांना तारले आहे व त्या काढून घ्याव्यात असे कोणी म्हणू नये. परंतु सवलत परीक्षेतील अडथळा कमी करते, वाचन शिकवत नाही. ज्याला परिच्छेद उलगडत नाही, त्याला वाढीव वेळ दिल्याने तो उलगडेलच असे नाही. नववीत प्रमाणपत्रासाठी रुग्णालयाची वाट दाखवणाऱ्या शाळेने आधीची आठ वर्षे काय केले, हा प्रश्न टाळता येणारा नाही.

करण्याजोगे बरेच आहे, आणि ते पहिलीपासून करावयाचे आहे. शब्दातील ध्वनी सुटे करून ऐकवणे व पुन्हा जोडणे, अक्षर पाहणे, उच्चारणे आणि वाळूत बोटाने गिरवणे या क्रिया एकत्र करून घेणे, ज्याला बहुसंवेदी अध्यापन म्हणतात, हे चार-पाच मुलांच्या गटात रोज थोडा वेळ करता येते आणि उरलेल्या वर्गालाही त्याचा अपाय होत नाही. इतिहास-विज्ञानाची उत्तरे तोंडी घ्यावीत, जेणेकरून वाचनाची अडचण ज्ञानाची कसोटी ठरणार नाही. भर वर्गात मोठ्याने वाचण्याची सक्ती मात्र ताबडतोब थांबवावी, कारण त्या काही मिनिटांची लाज मुलाला पुस्तकापासून कायमचे तोडू शकते. खर्चाचा आक्षेप या सर्वांत प्रामाणिक आहे, तथापि लहान शाळांनाही दोघी-तिघींनी मिळून एक विशेष शिक्षक नेमणे शक्य असते. निश्चित निदान साधारणतः वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास होते. त्याआधी मदत सुरू करण्यासाठी मात्र कोणत्याही प्रमाणपत्राची अट नाही.