काळ्या प्लगचा पंचनामा

कार स्टार्ट होत नाही, मिसिंग मारते, पिकअप गेलाय, की आपल्याकडे पहिलं निदान ठरलेलं असतं : "प्लग काळा झाला असेल, साफ करून टाका." प्लग निघतो, त्यावर पॉलिश पेपर नाहीतर वायर ब्रश फिरतो, एक फुंकर मारून परत टाइट होतो. गाडी चालू, मालक खूश! आणि आठ दिवसांनी पुन्हा तोच कार्यक्रम. मित्रांनो, याला रिपेअर म्हणत नाहीत. याला पुरावा पुसणं म्हणतात.

कारण स्पार्क प्लग हा इंजिनच्या पोटात राहून आलेला साक्षीदार आहे. आत काय चाललंय त्याचा रिपोर्ट तो आपल्या सिरॅमिकच्या टोकावर लिहून आणतो. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं आलबेल. बोटाला लागणारी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडतेय, किंवा इंजिन पुरेसं तापतच नाहीये. ओला, चमकदार, तेलकट थर असेल तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील थकलेत आणि इंजिन ऑइल आत शिरतंय. पांढरट, खडबडीत थर असेल तर ती बहुतेक ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख. तीन वेगळे आजार, आणि आपलं औषध मात्र एकच, पॉलिश पेपर!

आता हा थर एवढा वाईट का? कार्बनमधून वीज वाहते. कॉइलने पाठवलेले हजारो व्होल्ट मिलिमीटरभर गॅपवरून उडी मारायच्या ऐवजी त्या काजळीवरून गुपचूप बॉडीत उतरतात. ठिणगीच पडली नाही तर पेट्रोल जळणार कसं? ते तसंच एक्झॉस्टमध्ये जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. म्हणजे काहीशे रुपयांच्या प्लगकडे दुर्लक्ष आणि भुर्दंड हजारोंचा. वायर ब्रशने घासलं तर ब्रशच्या धातूचे बारीक कण सिरॅमिकला चिकटतात आणि विजेला आणखी एक चोरवाट मिळते. इरिडियमच्या प्लगची बारीक टीप तर ब्रशने कामातूनच जाते.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक सोयीचा आरोपी आहे, खारी हवा. गाडीचं काहीही बिघडलं की समुद्राकडे बोट दाखवायचं. खाऱ्या हवेने प्लगची बॉडी गंजते, वायरचे कनेक्शन खराब होतात, हे अगदी मान्य. पण सिलिंडरच्या आत काजळी धरायला समुद्र येत नाही! तिथे आरोपी बहुतेक वेळा आपली सवय असते. मांडवा, किहीम, अलिबाग या पट्ट्यातले मुंबईकरांचे बंगले बघा. गाडी महिना महिना उभी. बॅटरी उतरू नये म्हणून केअरटेकर काका दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करतात. काम मायेचं, पण प्लगला विष. थंड इंजिनला पेट्रोल जास्त दिलं जातं, आणि प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तरच साचलेला कार्बन आपोआप जळतो. पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये हे होणं शक्य नाही. त्यापेक्षा तीच गाडी आठवड्यातून एकदा रेवदंड्यापर्यंत पळवून आणावी. क्वार्टर्सपासून डिपार्टमेंटपर्यंत कार आणणाऱ्या आमच्या सरांनाही हाच नियम लागू आहे, रागावू नये ही विनंती!

मग करायचं काय? इंजिन थंड असताना चारही प्लग काढा आणि सिलिंडरच्या नंबराप्रमाणे ओळीने मांडून ठेवा. चारातला एकच काळा असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा : तिथली कॉइल, इंजेक्टर, रिंग किंवा सील. चारही काळे असतील तर कारण सगळ्यांचं मिळून एक आहे : चोंदलेला एअर फिल्टर, बिघडलेला सेन्सर, आपली सवय, नाहीतर इंधन. "थोडा गरम नंबरचा प्लग टाकू" हा सल्लाही जपून घ्यावा. एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशच्या प्लगवर आकडा वाढला की गरम. नुसता आकडा बघून कंपनी बदलणाऱ्याचा पिस्टन देवाच्या हवाली! मॅन्युअलमध्ये दिलेला नंबरच बसवा, पण कारण शोधल्यानंतर.

वरच्या यादीतलं शेवटचं कारण, इंधन, हे सगळ्यात गंभीर. स्वस्त रॉकेल पेट्रोलमध्ये मिसळलं की ते नीट वाफ होत नाही, अर्धवट जळतं आणि काजळी धरतं. ही भेसळ करणारे किती थराला जातात हे आपल्या महाराष्ट्राने पाहिलं आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळ रोखायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आलं. त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत इंडियन ऑइलचे २७ वर्षांचे अधिकारी एस. मंजुनाथ यांचा खून झाला, कारण त्यांनी भेसळीचा पंप सील केला होता. आय.आय.एम.ला जाण्यापूर्वी ते म्हैसूरला इंजिनिअरिंग शिकले होते. म्हणजे आपल्यातलेच.

नुसत्या काळ्या प्लगवरून भेसळ सिद्ध होत नाही, हे खरं. पण शंका तिथून सुरू होऊ शकते. पंपावर फिल्टर पेपर मागायचा प्रत्येक गिऱ्हाइकाला हक्क आहे. पुसलेल्या नोझलमधून एक थेंब पेपरवर टाका. दोनेक मिनिटांत उडून गेला तर ठीक, रंगाची हलकी छटा राहिली तरी चालेल. तेलकट डाग राहिला तर गप्प बसू नका, तक्रार करा. ज्या कामासाठी दोन माणसांनी जीव दिला, त्यातला आपला वाटा दोन मिनिटांचा आहे.

आपण काय करतो? जर्नलमध्ये स्पार्क प्लगचा सुबक क्रॉस-सेक्शन काढतो, तोही बहुतेकदा सीनियरच्या जर्नलवरून. व्हायवाला "गॅप किती?" विचारलं की आकडा फेकतो. पण हातात जळका प्लग दिला तर आपल्यातले किती जण तो वाचू शकतील? माझी डिपार्टमेंटला एक सूचना आहे. गावातल्या गॅरेजमध्ये टाकून दिलेले जुने प्लग गोळा करून आय.सी. इंजिन लॅबमध्ये एक बोर्ड लावावा, आणि व्हायवाला त्यातला एक प्लग हातात देऊन एवढंच विचारावं, "सांग, या इंजिनला काय झालं होतं?" खर्च शून्य, आणि पाठांतराचा काही उपयोग नाही. पुसायच्या आधी वाचायची सवय चार वर्षांत लागली, तर पुढे कारखान्यात कोणी "रिपोर्टमधली ही ओळ काढून टाक" म्हणेल तेव्हाही ती उपयोगी पडेल.