सही क्लाउडवर, जबाबदारी आपल्यावर

जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेतील कित्येक दुकानांची दप्तरे भिजून गेली. गल्ल्यात ठेवलेला डिजिटल सहीचा डोंगलही असाच जाऊ शकतो. आधारवरील ई-साइनला डोंगल लागत नाही. सही सेवा देणाऱ्या कंपनीच्या दूरच्या संगणकावर, म्हणजे क्लाउडवर, होते. सोय चांगली आहे. पण तेथे ओटीपी हाच आपला अंगठा! महाड-पोलादपूरच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी तो कर सल्लागाराच्या माणसालाही सांगू नये. कंपनी आपली सेवा क्लाउडवर हलवत असेल, तर सही केलेल्या जुन्या फाइली आधीच डाउनलोड करून दोन ठिकाणी जपाव्यात. छापील प्रत पुरेशी नाही; सहीची पडताळणी मूळ फाइलवरच होते. आणि वसियतनाम्यावर ई-सही कायद्याला मान्य नाही, हेही ध्यानात असू द्यावे.