तिलापिया म्हणजे नेमका कोणता मासा?



मागच्या आठवड्यात पाचवीतल्या एका मुलाने बरणीत जिवंत मासा आणला. बाजारातला तिलापिया. म्हणाला, "मॅडम, उद्या बाबांसोबत जाऊन कोराडीच्या तलावात सोडून देतो याला. नाहीतर मरून जाईन बिचारा." मी "शाब्बास" म्हणून मोकळी झाले. रात्री वाचत बसले आणि सकाळी आधी त्यालाच थांबवलं.

तिलापिया हा एक मासा नाहीच. ओरिओक्रोमिस या प्रजातीत तीसच्या वर जाती आहेत, मूळच्या आफ्रिका आणि आसपासच्या. (आपण जाती-प्रजाती दोन्हीला 'प्रजाती'च म्हणतो, मुलं तिथंच गोंधळतात.) मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली मुद्दाम आणला. नाईल तिलापिया नंतर आला. आपला रोहू साचलेल्या तळ्यात सहसा अंडी घालत नाही, त्याला पावसाळ्याचं वाहतं पाणी लागतं. तिलापियाला तशी अट नाही. मादी अंडी तोंडात धरून ठेवते, पिल्लं फिरायला लागली तरी धोका दिसला की परत तोंडात घेते. पिल्लं वाचतात, काही महिन्यांत तीही अंड्यावर येतात. मग बाकीच्या माशांना खायला काय उरणार?

आणि गंमत बघा. आपल्याकडे डोईजड झालेला मोझांबिक तिलापिया स्वतःच्या गावी धोक्यात आहे! तिथे माणसाने नाईल तिलापिया नेऊन सोडला, दोघांचा संकर होतो, शुद्ध मोझांबिक कमी होत चाललाय. व्हिक्टोरिया सरोवरातली एन्गेगे नावाची याच प्रजातीतली जात तर पार संपत आली आहे.

माझं स्पष्ट मत आहे की 'मासे सोडणे' हा पर्यावरण दिनाचा उपक्रम म्हणून घेऊच नये, फोटो कितीही छान येवो. निदान जात विचारल्याशिवाय तरी नको. या कुटुंबातल्या भारताच्या स्वतःच्या जाती फक्त तीन. त्यातलाच एक गोव्यातला कालुंदर. हे आपल्या किती मुलांना माहीत असेल? मला तरी कुठं होतं.

मासा सध्या वर्गातल्या टपात आहे. नाईलच्या शेपटीवर उभे पट्टे असतात एवढं सांगितलंय. पोरं मधल्या सुट्टीत डबा सोडून टपाभोवती, "पट्टे आहेत", "नाहीत ना बे!" संकरही असू शकतो, ते उद्या सांगणार आहे.