टर्बोचे दुखणे आणि तेलाची हयगय

ट्रॅक्टर विकत घेताना शेतकरी दहा ठिकाणी चौकशी करतो. अश्वशक्ती किती, डिझेल किती लागेल, हप्ता किती बसेल, हे सारे तो पारखून घेतो. परंतु तोच ट्रॅक्टर दारात आल्यावर त्याच्या इंजिनातील तेल कोणी, केव्हा व किती तासांनी बदलावयाचे, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. साध्या इंजिनात ही हयगय काही काळ खपून जात असे. टर्बो बसविलेल्या इंजिनात ती खपत नाही. ऐन सोंगणीत हार्वेस्टर बंद पडतो, उसाची भरलेली ट्रॉली वाटेत अडकते, आणि मग 'टर्बो गेला, कंपनीचा मालच कच्चा' असा निष्कर्ष निघतो. वास्तविक पाहता, ही तक्रार पुष्कळदा टर्बोची नसून तेलाची असते, आणि तेलाची म्हणजेच ते वापरणाऱ्यांच्या सवयीची असते.

टर्बोची कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. एरवी वाया जाणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरते व त्याच दांड्यावरील दुसरे चक्र इंजिनात अधिक हवा कोंबते. त्यामुळे लहान इंजिन मोठे काम करते. आपल्याकडे धुराचे नियम कडक होत गेले, तसा या यंत्राचा प्रसार वाढला. मालवाहू गाड्यांना एप्रिल २०२० पासून व ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून नवे नियम लागू झाले. आज दुधाची गाडी, भाजीचा पिकअप, मोठा ट्रॅक्टर व हार्वेस्टर यांत टर्बो ही नित्याची वस्तू झाली आहे. यंत्र नवे आले. सवयी मात्र जुन्याच राहिल्या, हे खरे दुखणे आहे.

दांडा तेलावर तरंगतो

ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटास दोन हजारांच्या आसपास फेरे घेते. टर्बोचा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. १ लाख २० हजार फेरे धरले, तर एका सेकंदात २ हजार फेरे झाले. इतक्या वेगात धातूवर धातू घासला तर तो क्षणभरही टिकणार नाही. म्हणून हा दांडा बेअरिंगमध्ये तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत ठेवलेला असतो. एका बाजूस तप्त धूर, दुसऱ्या बाजूस हवा आणि मध्ये हा तेलाचा थर, अशी त्याची रचना आहे. हे तेल टर्बोचे स्वतःचे नसते. इंजिनाच्या तळातील तेलच बारीक नळीने दाबाखाली तेथे जाते व परत तळात उतरते. इंजिनाचे तेल बिघडले की त्याची पहिली झळ टर्बोला लागते, ती यामुळेच.

आता प्रचलित सवयी पाहाव्यात. पहिली सवय म्हणजे तेल रंगावरून ओळखणे. तेल बोटांवर चोळून 'अजून चांगले आहे' असे सांगणारे अनेक जाणते गावोगाव भेटतात. परंतु डिझेल इंजिनात नवे तेलही थोड्याच तासांत काळे पडते, कारण काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. ते काळे पडले म्हणून संपले असे नव्हे, आणि बोटाला गुळगुळीत लागले म्हणून चांगले असेही नव्हे. तेलाची मुदत डोळ्यांनी कळत नाही. ती अवर मीटरवरून व यंत्राच्या पुस्तिकेवरूनच कळते. पुष्कळ ट्रॅक्टरांना ही मुदत सुमारे २५० तासांची असते, काही नव्या यंत्रांना ती याहून अधिक असते. पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा व धुळीत सतत काम असेल तर त्याच्या आतच तेल बदलावे. तास पुरे झाले नाहीत तरी वर्षातून एकदा तेल बदलणे आवश्यक आहे. केवळ किलोमीटर मोजणाऱ्या गाडीने कारखान्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून काढलेले तास कोठेच नोंदले जात नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी सवय म्हणजे कमी झालेले तेल वरून घालीत राहणे व त्यालाच बदल समजणे. वरून घातल्याने पातळी भरून निघते, परंतु आतील काजळी व आम्ल तसेच राहते. तेल बदलून फिल्टर मात्र जुनाच ठेवणे हा त्याचाच दुसरा प्रकार होय. फिल्टर तुंबला की इंजिन तेलावाचून राहू नये म्हणून त्यातील झडप उघडते व न गाळलेले तेल पुढे जाते. ती काजळी व कचरा थेट टर्बोच्या बेअरिंगमध्ये पोहोचतो.

तिसरी सवय सर्वांत घातक आहे. दिवसभर नांगरणी करून किंवा चढावर ट्रॉली ओढून आलेले इंजिन लागलीच बंद केले जाते. कित्येक चालक तर बंद करण्यापूर्वी एक्सलरेटर जोराने दाबतात. इंजिन थांबले की तेलाचा पंप थांबतो, परंतु टर्बोचा दांडा आणखी काही काळ फिरतच असतो व बाजूचे तप्त कवच आपली उष्णता आत सोडीत असते. तापलेल्या तव्यावर सांडलेले तेल जसे करपून काळा थर धरते, तसेच तेथे अडकलेले तेल करपते. तो थर पुढे नळीत अडकून तेलाची वाट अरुंद करतो. यावर उपाय बिनखर्चाचा आहे: जड कामानंतर दोन-तीन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवावे आणि सकाळी सुरू केल्यावर तेलाचा दाब येईपर्यंत, म्हणजे अर्धा-एक मिनिट, ते जोराने चालवू नये.

नवा टर्बो हा उपाय नव्हे

प्रत्येक बिघाड तेलामुळेच होतो असे मात्र नाही. एअर क्लीनरच्या पुढील रबरी नळीला चीर गेली तर धूळ शिरून चक्राच्या पात्या झिजतात. कधी तेल परत उतरण्याची नळी तुंबलेली असते आणि टर्बो गळतो असे वाटते. म्हणूनच कारण शोधल्यावाचून नवा टर्बो बसविणे हे दुखणे न ओळखता औषध देण्यासारखे आहे. जुने करपलेले तेल व तुंबलेली नळी तशीच ठेवली तर नवा टर्बोही थोड्याच दिवसांत जातो. तेल व फिल्टर बदलणे, तेलाची नळी नवी घालणे, सुरू करण्यापूर्वी टर्बोत स्वच्छ तेल भरणे, या गोष्टी शेतकऱ्याने मिस्त्रीकडून आग्रहाने करून घ्याव्यात.

निळसर धूर, वाढती शिटी, कमी झालेला ओढा व घटणारे तेल ही पूर्वसूचना होय. ती दिसताच काम थांबवावे. टर्बोतील गळणारे तेल हवेच्या वाटेने इंजिनात जाऊन जळू लागले, तर किल्ली बंद करूनही इंजिन थांबत नाही व बेफाम वेग घेते. तेथे माणसाच्या जिवालाच धोका असतो.

दोष कोणाचा?

याचा सारा दोष चालकाच्या माथी मारण्याची रीत आहे. ती न्याय्य नाही. चालकाला मजुरी एकरावर मिळते. तीन मिनिटे थांबल्याबद्दल त्याला कोणी काही देत नाही, उलट 'डिझेल जाळतोस' म्हणून बोल लावतात. अवजारे बँकेचे किंवा गटाचे यंत्र असेल तर तेल बदलण्याची पाळी कोणाची हेच ठरलेले नसते. जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, अशी त्याची गत होते. तेलाची जबाबदारी यंत्राच्या मालकाची आहे, आणि मालक गट असेल तर ती नाव घेऊन एका माणसावर सोपविली पाहिजे.

हंगामात हातात पैसा नसतो, ही अडचण खरी आहे. परंतु तिचा हिशेब मांडून पाहावा. समजा तेल व फिल्टर मिळून ४,००० रुपये लागतात व मुदत २५० तासांची आहे. मग तासामागे केवळ १६ रुपये पडतात. ही रक्कम भाड्याच्या प्रत्येक तासातून वेगळी काढली, तर तेल बदलण्याच्या दिवशी उसनवारी करावी लागत नाही. टर्बोला याच्या कित्येक पट खर्च येतो. शिवाय पीक शेतात उभे असता बुडालेले दिवस कोणीही भरून देत नाही. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच, सीलबंद डब्यातील व पावतीसह घ्यावे. धूर गाळण्याची जाळी असलेल्या नव्या यंत्रांना कमी राखेचे तेल लागते. तेथे 'कोणतेही चालते' हा सल्ला महागात पडतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्ते बियाणे व खते यांविषयी शेतकऱ्यांशी नित्य बोलतात. त्यांनी यंत्राच्या तेलाविषयीही बोलावे. प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर एक साधी वही असावी व तीत बदलाची तारीख, अवर मीटरचा आकडा, तेलाची प्रत आणि पुढील बदलाचा तास लिहिलेला असावा. हंगामापूर्वीच्या सभेत ही वही सर्वांसमोर वाचली जावी. बैलाला कामावरून आणल्यावर घटकाभर उसंत देऊन मगच वैरण-पाणी करण्याची रीत शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागली नाही. तीच काळजी त्याने कर्ज काढून घेतलेल्या यंत्राचीही घेतली, तर ते हप्ते फिटेपर्यंतच नव्हे, तर त्यानंतरही त्याची सेवा करील.