रुग्णालयाच्या दारावर दरफलक कुठे आहे?

वस्तूची किंमत पाहून ग्राहक ती घ्यायची की नाही आणि किती घ्यायची हे ठरवतो, हे वाक्य मी महाविद्यालयाच्या वर्गात तीस वर्षे शिकवले. दोन वर्षांपूर्वी पत्नीच्या पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेसाठी वसईतील एका खाजगी रुग्णालयात चार दिवस काढले, तेव्हा या वाक्याचा पोकळपणा मला उमगला. दाखल करतेवेळी खिडकीवरील तरुणाने 'साधारण ७५ हजार' असे तोंडी सांगितले, २५ हजारांची अनामत रक्कम घेतली आणि चार कागदांवर सह्या घेतल्या. ते कागद मी वाचले नाहीत. घरी सोडण्याच्या दिवशी हाती पडलेले बिल १ लाख ३१ हजारांचे होते. त्यात 'साहित्य व इतर' या एकाच ओळीत ३४ हजार रुपये मांडले होते. तपशील मागितला, तेव्हा 'संगणकातून एवढेच निघते' असे उत्तर मिळाले. बिल भरल्याची पावती दाखवीपर्यंत पत्नीच्या हातातील सलाईनची सुई काढायलाही कोणी आले नाही. मी मुदत ठेव मोडली आणि पैसे भरले.

माझ्याजवळ मोडायला ठेव होती. शेजारच्या खाटेवर नायगावकडील एका रिक्षाचालकाची आई होती. त्याने रिक्षा गहाण टाकली. ज्या साधनावर घर चालते तेच आजारपणात गहाण पडले, तर बरी झालेली आई घरी येते आणि घर मात्र आजारी पडते. हा लेख माझ्या ५६ हजारांसाठी नाही. शस्त्रक्रिया उत्तम झाली, शल्यविशारदांविषयी माझी तक्रार नाही. प्रश्न व्यक्तीच्या नीतिमत्तेचा नसून व्यवस्थेचा आहे.

वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा का चालत नाही, याची मीमांसा केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच केली होती. आजार केव्हा येईल हे ठाऊक नसते, उपचार कोणता हवा हे रुग्णाला कळत नाही आणि विक्रेता हाच ग्राहकाचा सल्लागार असतो. अशा व्यवहारात घासाघीस संभवत नाही. आपल्या मासळीबाजारात कोळीण आधी भाव सांगते, मग पापलेट कापते. पटले नाही तर आपण शेजारच्या पाटीकडे वळतो. रुग्णालयात कापून झाल्यावर भाव कळतो, आणि तोवर शेजारच्या पाटीकडे वळण्याची सोय उरलेली नसते.

त्यातही आणखी एक गोम आहे. पुष्कळ रुग्णालयांत एकाच शस्त्रक्रियेचे दर खोलीच्या वर्गानुसार बदलतात. सुरी तीच, टाके तेच, भूलतज्ज्ञ तोच. पण सामान्य कक्षातील रुग्णाला एक आकार आणि वातानुकूलित खोलीतील रुग्णाला दुसरा. विमा असलेल्या मध्यमवर्गीयाला वाटते की आपण सुरक्षित आहोत. परंतु पॉलिसीत बसणाऱ्या भाड्यापेक्षा महाग खोली घेतली, तर पुष्कळ पॉलिसींत केवळ खोलीभाड्यातला फरकच नव्हे, तर शस्त्रक्रियेच्या आणि डॉक्टरांच्या आकाराचाही प्रमाणशीर हिस्सा कापला जातो. ही अट दाखल होण्याच्या क्षणी कोणी समजावून सांगत नाही. ती घरी जाण्याच्या क्षणी कळते.

या प्रश्नाची व्याप्ती पाहा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीनुसार, बाळंतपणे वगळता, सरकारी रुग्णालयात एका वेळी दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च ४,४५२ रुपये होता, खाजगी रुग्णालयात तो ३१,८४५ रुपये होता. म्हणजे सुमारे सातपट. आणि तरीही देशात दाखल होणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण खाजगीकडेच गेले. हौसेने सातपट पैसे कोणी देत नाही. सरकारी खाट जवळ नसते, किंवा असली तरी भरलेली असते, म्हणून ते द्यावे लागतात.

वसई-विरारचा अनुभव याहून वेगळा नाही. चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर होती आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या चाळी व इमारती आपल्या डोळ्यांसमोर आहेत. वसईचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि नालासोपाऱ्याचे तुळिंज रुग्णालय ही महानगरपालिकेची रुग्णालये आपापल्या परीने भार वाहतात. पण दुखणे गंभीर झाले की मुंबईची वाट धरावी लागते. रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाला लोकलही नसते आणि महामार्गावरील कोंडीत अडकण्याइतका वेळही नसतो. मग जवळच्या खाजगी दाराशिवाय पर्याय राहत नाही. ज्या ग्राहकाला दुसरे दार नाही, त्याच्यापुरते पहिले दार मक्तेदार ठरते. अर्थशास्त्राला यासाठी वेगळा सिद्धांत लागत नाही.

दर ठरवणे अशक्य आहे, असे आपल्याला सांगितले जाते. ते शक्य आहे हे याच राज्याने दाखवून दिले आहे. करोनाच्या साथीत २१ मे २०२० रोजी राज्य शासनाने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दिवसाचे कमाल दर बांधून दिले: साध्या विलगीकरण कक्षासाठी ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये. १ जून २०२१ च्या आदेशाने शहरांचे तीन वर्ग केले गेले. मुंबई महानगर क्षेत्र पहिल्या वर्गात गेले, पण त्यातून भिवंडी आणि वसई-विरार वगळून दुसऱ्या वर्गात ठेवण्यात आले. तेथे दर अनुक्रमे ३,०००, ५,५०० आणि ६,७०० रुपये ठरले. म्हणजे शहराचा खर्च पाहून दर ठरवण्याचे कौशल्य शासनाजवळ आहे. ठिकठिकाणी बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले गेले आणि जादा घेतलेली रक्कम परत करायला लावल्याची उदाहरणे घडली. उल्लंघनेही पुष्कळ झाली. हे दर परवडत नाहीत अशी रुग्णालयांची तक्रार होती. तिची छाननी करून दर अधिक शास्त्रीय करता आले असते. त्याऐवजी साथीबरोबर दरबांधणीही विसर्जित झाली. साथ नसताना माणसे आजारी पडत नाहीत, असेच जणू गृहीत धरले गेले.

कायद्याची स्थितीही कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते. त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा झाली. रुग्णहक्कांची सनद आणि खाटभाडे, डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार अशा प्रमुख बाबींचे दर रुग्णालयाने लावले पाहिजेत आणि स्थानिक प्राधिकाऱ्याकडे तक्रार निवारणाची व्यवस्था असली पाहिजे, हे त्यात आले. महानगरपालिकेच्या हद्दीत ही देखरेख महानगरपालिकेकडे येते. हा नियम मोलाचा आहे, पण अपुरा आहे. दर लावायचे बंधन आहे, दर किती असावा यावर बंधन नाही. फलकावर मोठा आकडा लिहिला की नियम पाळला गेला!

केंद्राचा वैद्यकीय आस्थापना कायदा २०१० चा आहे. त्याखालील २०१२ च्या नियमांत दर जाहीर करणे आणि शासनाने ठरवलेल्या मर्यादेत आकारणी करणे, ही दोन्ही बंधने आहेत. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. राज्याच्या स्वतंत्र कायद्याचा मसुदा २०१४ मध्ये तयार झाला, पण त्याचा कायदा झाला नाही. जेथे केंद्राचा कायदा लागू आहे तेथेही दर ठरलेले नव्हते, म्हणून २७ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला खडसवावे लागले. पश्चिम बंगालने मात्र २०१७ च्या कायद्याने नियामक आयोग नेमला आणि रुग्णाला दाद मागायला एक दार उघडले.

ग्राहक न्यायालय आहे ना, असे कोणी विचारील. आहे, आणि त्याचा उपयोग केला पाहिजे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. २०१९ च्या कायद्यानंतरही ती तेथेच आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. पण न्यायालय हा नंतरचा इलाज आहे. गहाण पडलेली रिक्षा निकालाची वाट पाहत थांबत नाही.

एका आक्षेपाला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. दहा-पंधरा खाटांचे छोटे रुग्णालय चालवणारा डॉक्टर म्हणतो की नियमांचे ओझे माझ्यावर पडेल आणि बड्या भांडवलाची साखळी-रुग्णालये वकील लावून सुटतील. ही भीती निराधार नाही. म्हणून दर सरसकट एकच असू नयेत. शहर, सुविधा आणि खाटांची संख्या पाहून, प्रत्यक्ष खर्चाचा अभ्यास करून, डॉक्टरांच्या संघटनांना सोबत घेऊन ते ठरावेत आणि ठरावीक मुदतीने सुधारावेत. जपानमध्ये बहुसंख्य रुग्णालये खाजगी आहेत, तरी दरपत्रक देशभर एक आहे आणि दर दोन वर्षांनी त्याचा फेरविचार होतो. तेथील खाजगी वैद्यक त्यामुळे बुडालेले नाही. रास्त दराने काम करणाऱ्या आपल्या डॉक्टरालाही अशा दरपत्रकाने संरक्षणच मिळेल.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. दाखल करण्यापूर्वी मराठीत लेखी अंदाजपत्रक मिळावे. तातडीचा प्रसंग सोडून, लेखी संमतीशिवाय त्याहून अधिक रक्कम मागता येऊ नये. बिलात प्रत्येक वस्तू आणि सेवा स्वतंत्र मांडलेली असावी. बिलासाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येऊ नये. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेतही हे आहे. राज्याने स्वतःचा कायदा करून श्रेणीनुसार कमाल दर बांधावेत. आणि या सर्वांच्या मुळाशी, सरकारी व महानगरपालिकेच्या खाटा वाढाव्यात. शेजारी चांगले सार्वजनिक रुग्णालय असणे, हे खाजगी दरांवरचे सर्वांत परिणामकारक नियंत्रण होय.

१९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिला लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर आल्या, तेव्हा तेल-साखरेचा भाव हा राजकारणाचा विषय झाला. तोवर तो घराघरातला खाजगी कण्हण्याचा विषय होता. रुग्णालयाचे बिल आज त्याच अवस्थेत आहे. प्रत्येक घर आपापले बिल भरते, आपापले कर्ज फेडते आणि गप्प बसते.

हे मौन मोडण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे आणि ते नवा कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. वसई, नालासोपारा, विरार, नायगाव येथे दोघादोघांनी रुग्णालयांत जावे. दरफलक आहे का, तो मराठीत आहे का, दिसेल अशा जागी आहे का, रुग्णहक्कांची सनद लावली आहे का, एवढेच टिपून आणावे. डॉक्टरांशी वाद घालू नये. परिचारिकांशी सौजन्याने बोलावे. ती नोंद महानगरपालिका आयुक्तांकडे लेखी द्यावी. या रुग्णालयांची तपासणी शेवटची केव्हा झाली आणि तक्रार निवारण कक्षाकडे किती तक्रारी आल्या, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारावे. २०२० नंतर कित्येक वर्षे येथे निवडून आलेले सभागृहच नव्हते, त्यामुळे हे प्रश्न विचारणारेही कोणी नव्हते. आता ते विचारले गेले पाहिजेत.

त्या दिवशी रिक्षाचालकाने मला विचारले होते, "सर, तुम्ही शिकलेले. एवढे कशाचे लावले, ते बघून सांगता का?" त्याचे बिल मी दोनदा वाचले आणि मला सांगता आले नाही. पदव्युत्तर अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला जे बिल वाचता येत नाही, ते भरायला एका रिक्षाचालकाला लावणारी व्यवस्था बदलली पाहिजे. सुरुवात त्या दरफलकापासून करू या.